घारीला दिसलंच असणार

मंगळवारी सकाळी सव्वादहा वाजता विंझरला चहाच्या टपरीसमोर माझी बहीण टेम्पोखाली गेली. ती एसटी धरायला निघाली होती. टेम्पो डावीकडून आला. मी भोरला शाळेत शिकवत होते. शिपायाने वर्गाच्या दारात येऊन फोन आहे म्हणून सांगितलं. मी पोहोचले तोवर पंचनामा झाला होता.

त्या पंचनाम्याला टपरीवाल्याचा जबाब जोडलेला आहे. त्यातलं एक वाक्य मी इतक्यांदा वाचलं की आता ते कागदाशिवाय दिसतं. ‘सदर महिलेने मान वळवून टेम्पोच्या दिशेने पाहिले व त्यानंतर पाऊल पुढे टाकले.’ भाषा लिहून घेणाऱ्याची, पण टपरीवाला खोटं बोलला नव्हता. आठ दिवसांनी मी त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले तेव्हा त्याने मलाही तेच सांगितलं.

“बाई, त्यांनी बगितलं की वो. टेम्पो ह्या अंगानं येत हुता. त्यांनी मान फिरिवली, बगितलं, आन् पाय टाकला. मला वाटलं, थांबत्याल.” मग फडक्याने फळी पुसत तो म्हणाला, “आन् घारीला दिसलं न्हाई आसं कसं व्हईल?”

एवढ्या एका वाक्यावर माझी बहीण काय करून मेली ते ठरलं. घाऱ्या डोळ्यांच्या बाईला टेम्पो दिसलाच असणार. दिसूनही तिने पाऊल टाकलं, म्हणजे तिला मरायचं होतं. विंझरपासून तिच्या सासरच्या गावापर्यंत कोणालाही यापुढे विचार करावा लागला नाही. मलाही लागला नाही, हे आधीच लिहून ठेवते.

आमचं माहेर भोंगवली. वडिलांचे डोळे घारे होते, मधासारखे. मी थोरली, मला आईचे काळे डोळे आले आणि पाचवीत चष्मा लागला. धाकटीला वडिलांचे डोळे आले आणि चष्मा कधीच लागला नाही. आई आल्यागेल्याला सांगायची, “थोरलीनं बापाचं डोकं घेतलं, धाकटीनं डोळं.” लांबच्या रस्त्यावर एसटी दिसती का, हे धाकटीला माळवदावर चढवून विचारायचे. मी पुस्तक घेऊन खाली बसलेली असायचे आणि चुलते मला म्हणायचे, “तू नगं सांगू बाई, तुला म्हस आली तरी एसटीच दिसायची.” सगळे हसायचे. मीही हसायचे. घारे डोळे म्हणजे तेज नजर, हे घरात असं खेळीमेळीत पक्कं झालं होतं. ते खरं की खोटं हे बघायची कोणाला गरज वाटली नाही.

तिला बघायला विंझरच्या पलीकडून पाहुणे आले, तेव्हा होणाऱ्या सासूने तिची हनुवटी धरून तोंड दाराकडे, उजेडाला फिरवलं आणि डोळ्यांत बराच वेळ पाहिलं. “घारी हाय,” ती सोबतच्या माणसांना म्हणाली. पोरगी बसलेलीच होती समोर. “घाऱ्यांची दिष्ट लागती.” त्यावर त्यांच्यातले एक म्हातारे म्हणाले, “लागू दे की. नजर लई बारीक आसती घाऱ्यांची. बियाण्यातली भेसळ तरी निवडंल.” लोक हसले आणि लग्न ठरलं.

त्या म्हाताऱ्यांचं म्हणणं सासरच्या गावाने शब्दशः घेतलं. वेल्ह्याकडे भात हेच पीक. रोहिणी नक्षत्राच्या आधी तरव्यासाठी, म्हणजे रोपांसाठी, बी काढलं की घरोघरच्या बाया सुपात भात घेऊन माझ्या बहिणीच्या ओट्यावर यायच्या. साध्या नजरेला एकसारख्या दिसणाऱ्या दाण्यांतून परक्या जातीचा दाणा ती बोटाने बाजूला सारत जायची. म्हाताऱ्या वाकळ शिवायला बसल्या की सुया घेऊन यायच्या आणि ती एका बैठकीत दहा-दहा सुयांत दोरा ओवून द्यायची. वरच्या वाडीवरचे धनगर काटा मोडला की लंगडत खाली यायचे. तिच्या पुढ्यात पाय टाकायचे आणि मान फिरवायचे. “घारे, हळू गं.” “मग बगू नगा की हिकडं.” काटा निघाला की तो ती तळहातावर ठेवून दाखवायची. तिच्याकडची एवढीच एक फुशारकी मला आठवते.

तिचं नाव त्या घरात कोणी घेतलेलं मी ऐकलं नाही. सासू, जावा, शेजारी, शेवटी शेवटी नवराही, सगळे घारी म्हणायचे. आणि गावाने तिचे डोळे आपल्या सोयीने वापरले. काटा काढायला ते चालायचे. बारशाला चालायचे नाहीत. कोणाची म्हैस व्याली, तर तिने चार दिवस त्या गोठ्याकडे जायचं नाही. बाळंतिणीच्या खोलीपुढून जाताना पदर ओढून जायचं. एकदा मी तिला विचारलं, तुला राग येत नाही का. ती म्हणाली, “येतो की. पर सुया घिऊन आल्यावर काय म्हणू, जावा माघारी?”

तिला चाळिसावं वर्ष लागलं त्या सुमारास डाग दिसायला लागले. डाव्या दंडावर, खांद्यावर, कधी कपाळाच्या डाव्या कडेला. दिवाळीला ती माझ्याकडे भोरला आली होती तेव्हा मी चोळीची बाही वर सरकवून पाहिलं. हिरवा पडत चाललेला एक, आणि वर ताजा एक.

“हे काय?”

“चौकट लागली.”

“आणि हा?”

“त्यो बी चौकटीचाच. आक्का, आमची दारं लई अरुंद हायती.”

मी तीस वर्षं शाळेत होते. हातावर वळ घेऊन येणाऱ्या मुली आणि चौकट, जिना, मोरी यांची नावं सांगणाऱ्या त्यांच्या आया मी पाहिल्या होत्या. मी बाही खाली केली आणि पुन्हा विचारलं नाही. आपल्याला समजलं, असं मला वाटलं.

त्याच दिवाळीत ती आणखी एक बोलली होती. “आक्का, सांजच्याला पायऱ्या नीट दिसंनात. आन् उन्हातनं घरात आलं की येळ लागतोय.” तेव्हा मी तिला डॉक्टरकडे न्यायला हवं होतं. दवाखाना माझ्या घरापासून चालत दहा मिनिटांवर होता. पण मला एका पुस्तकात वाचलेलं आठवलं आणि मी ते तिला समजावून सांगितलं. बाहुलीभोवतीचं जे रंगाचं कडं असतं, त्यात घाऱ्या माणसांना रंगद्रव्य कमी असतं. उजेड नीट अडत नाही, म्हणून ऊन झोंबतं, दिपल्यासारखं होतं. नजरेला त्याने काही होत नाही, नजर रंगावर नसते. मी सांगितलं त्यात एकही गोष्ट खोटी नव्हती. फक्त ती उन्हाचं थोडं आणि संध्याकाळचं जास्त बोलत होती, आणि मी उन्हाचं उत्तर दिलं. तिला ते पटलं. मोठ्या बहिणीने पुस्तकातलं सांगितलं म्हणजे ते तिला पटायचंच.

गावाच्या शाळेत चष्म्याचं शिबिर झालं तेव्हा तिने तक्त्यावरची सगळ्यात खालची ओळ दोन्ही डोळ्यांनी घडाघडा वाचली. रांगेतले लोक ओरडले, “घारीच हाय ती!” तपासणाऱ्या मुलाने हसून पुढच्याला बोलावलं. हे तिने मला फोनवर सांगितलं तेव्हा ती खूश होती. मी म्हटलं, “बघ, मी म्हटलं होतं ना.”

घरात मात्र ती चेष्टेचा विषय झाली होती. वाळत घातलेल्या धोतराला अडकायची, डावीकडे ठेवलेला तांब्या लवंडायची, बाजूने आलेल्या चुलतसासऱ्यांच्या पाया न पडता निघून जायची. सासू म्हणायची, “सुईचं नाक दिसतंय आन् माणूस दिसत न्हाई व्हय गं? माज हाय निव्वळ.” गावातही तेच झालं. घारी माजली. बघून न बघितल्यासारखं करती.

मग तो मंगळवार आला.

तेराव्याला दोन्हीकडची माणसं जमली होती. अंगणात मांडव होता, पंगत उठत होती. माझी भाची, तिची एकुलती मुलगी, पुण्याला कॉलेजात होती. ती पाण्याचा जग घेऊन फिरत होती. सासू खांबाला टेकून बसली होती आणि येणाऱ्या प्रत्येक बाईला एकच सांगत होती, “डोळं उगडं ठिवून मरान वडावून घेतलं घारीनं. आमच्या तोंडाला काळं फासून गेली.”

चौथ्या-पाचव्या वेळी मला ते ऐकवलं नाही. मी उभी राहिले. मी घरात-बाहेर हळू बोलणारी बाई आहे. त्या दिवशीही आवाज चढवला नाही आणि त्यामुळेच सगळ्यांना ऐकू गेलं.

“मरायला कारण लागतं. तिच्या दंडावरचे डाग मी पाहिलेत.”

मेहुणे पत्रावळी उचलत होते. ते थांबले. “आक्का, चौकट लागायची तिला. कायम लागायची. तुमास्नी बी सांगितलं आसंल तिनं.”

“चौकटीला हात असतात का, पाहुणे?”

भाचीने जग खाली ठेवला आणि ती आत गेली. मेहुणे एवढंच म्हणाले, “म्या कधी हात उचलला न्हाई.” ते इतकं हळू म्हणाले की मला तो कबुलीजबाब वाटला.

पोलिसांत तक्रार मी दिली नाही. ती द्यायची तर माझ्या बहिणीने जीव दिला, हे मलाच लिहून द्यावं लागलं असतं. पण तक्रारीची गरजही नव्हती. मी शिक्षिका, भोरला राहणारी, कधी कोणाच्या अध्यात नाही आणि मध्यात नाही. माझा शब्द लोकांनी जसाच्या तसा उचलला. पुढचं दीड वर्ष तो माणूस त्या पंचक्रोशीत बायकोला मारून मारून टेम्पोखाली घालणारा म्हणून वावरला. भोंगवलीच्या आमच्या भावकीने त्यांच्याशी बोलणं सोडलं. कोणीतरी मला सांगितलं की विंझरला ते चहा प्यायला बसले की फळीवरची माणसं उठतात. मला त्याचं वाईट वाटलं नाही. खरं म्हणजे बरं वाटलं.

दीड वर्षाने माझा चष्मा बरोबर वाटेनासा झाला, म्हणून मी पुण्याला डोळे तपासायला गेले. डॉक्टर पस्तिशीच्या असतील. तक्ता मी चष्म्यातून शेवटपर्यंत वाचला. त्यांनी डोळ्यांतला दाब मोजला, पुन्हा मोजला, आणि मला एका अर्ध्या घमेल्यासारख्या यंत्रापुढे बसवलं. हनुवटी टेकवायची, मधल्या ठिपक्याकडे बघत राहायचं, आणि कडेला कुठेही बारीक दिवा लागला की हातातलं बटण दाबायचं. उजव्या डोळ्याला दिवे दिसले. डावा डोळा लावला तेव्हा बराच वेळ काहीच होईना.

मी म्हटलं, “बंद पडलंय वाटतं.”

मशीनजवळची मुलगी म्हणाली, “नाही मॅडम. दिवे लागतायत.”

काचबिंदू. डॉक्टरांनी कागदावर डोळा काढून दाखवला. आतला दाब वाढतो, मागची नस हळूहळू सुकते, आणि नजर कडेने जायला लागते. “मधली नजर अगदी उशिरापर्यंत चांगली राहते,” त्या म्हणाल्या. “म्हणून तर पेशंटला कळत नाही. पेपर वाचता येतो, सुई ओवता येते, तक्ता पूर्ण वाचता येतो.”

मी विचारलं, “कडेला काय दिसतं? काळं?”

“काळं दिसलं असतं तर लोक लगेच आले असते. तिथे काही कमी आहे असं वाटतच नाही. आजूबाजूला जे आहे तेच मेंदू तिथे भरून टाकतो. समजा रस्ता असेल आणि मान पूर्ण वळवली नाही, तर रस्ताच दिसतो. मोकळा.”

मी टेबलाची कड धरली. त्यांना वाटलं मी माझ्या डोळ्याला घाबरले. त्या धीर देत म्हणाल्या, औषधाने आहे ते टिकतं. मग नेहमीचा प्रश्न विचारला: घरात आणखी कोणाला? आई-वडील, भावंडं? कोणी दाराला, माणसांना धडकायचं का?

वडील म्हातारपणी बांधावरून चालताना एका कडेला जायचे आणि पडायचे. आम्ही वय झालं म्हटलं होतं. पण वडिलांचं नंतर सुचलं. आधी मी विचारलं, “घारे डोळे असतील तर?”

“घाऱ्यांना ऊन जरा जास्त लागतं, एवढंच. बाकी नजर कमी किंवा जास्त, याचा रंगाशी काही संबंध नाही. आणि तुमचे कुठे घारे आहेत?”

मी त्यांना सगळं सांगितलं. दंड, तांब्या, संध्याकाळच्या पायऱ्या, टेम्पो. त्या लिहायच्या थांबल्या. म्हणाल्या, न तपासलेल्या माणसाबद्दल मी काही लिहून देऊ शकत नाही. पण शक्यता खूप आहे.

म्हणजे कागद नाही. आहे ती एका डॉक्टरांची शक्यता. मला सोयीचं आहे म्हणून मी ते मानते का, हेही मी परतीच्या एसटीत स्वतःला विचारलं. माझी बहीण मरायला निघाली नव्हती, हे मानायला कोणाला आवडणार नाही? पण ते मानायचं तर दुसरंही मानावं लागत होतं. चौकट खरोखर लागत होती. त्या माणसाने हात उचलला नव्हता. आणि ती मला दोन्ही गोष्टी माझ्याच घरात, एकाच दिवाळीत, साध्या शब्दांत सांगून गेली होती. एक मी खोटी ठरवली आणि दुसरी समजावून टाकली.

पुढच्या रविवारी मी गेले. कापूरहोळला गाडी बदलली, विंझरला उतरले, रस्ता ओलांडताना दोनदा मान पूर्ण फिरवली. मेहुणे ओट्यावर पोत्यांची तोंडं शिवत बसले होते. त्यांनी बसा म्हटलं नाही. मी उभ्यानेच सांगितलं. आजाराचं नाव, यंत्र, दिवे, मोकळा रस्ता. शेवटी म्हटलं, “मी तुमच्यावर नको तो आळ घेतला. माझं चुकलं.”

आतून सासू बाहेर आली. “काय म्हणती? घारीला दिसत नव्हतं? आगं, आदल्या आठवड्यात माझ्या टाचंतला काटा काढला हुता तिनं! म्या बी बगितला न्हाई इतका बारका!”

“काटा समोर असतो, मावशी. त्याला कडेचं लागत नाही.”

“शिकल्याल्यांच्या न्याऱ्याच गोष्टी,” म्हणून ती आत गेली.

मेहुण्यांनी दाभण पोत्यात खोचून ठेवला. “आक्का, तवा तुमी चार माणसांत बोललात. शिकल्याली बाई बोलती म्हणून समद्यांनी खरं मानलं. आता हे बी चार माणसांत सांगा. मानत्यात का बगा.”

मी काही म्हणायच्या आत तेच पुढे म्हणाले, “दीड वरीस पोरगी माझ्याकडं बगत नव्हती. मला इचारायची, बाबा, खरं सांगा. म्या काय खरं सांगू? चौकटच खरी हुती.”

निघताना मी म्हटलं, “तिला तपासून घ्या. हे घराण्यातून येतं.”

“तिचं डोळं काळं हायती,” ते म्हणाले. “आईवर न्हाई गेली ती.”

“माझेही काळेच आहेत.”

तेव्हा त्यांनी पहिल्यांदा वर बघितलं. मग मान खाली घालून पुन्हा शिवायला लागले.

विंझरला एसटीला वेळ होता. मी टपरीवर गेले आणि तिथे बसलेल्या पाच-सहा जणांच्या देखत सगळं पुन्हा सांगितलं. माझ्या बहिणीने जीव दिला नाही. तिच्या नवऱ्याने तिला कधी मारलं नाही. तिला डावीकडचं दिसत नव्हतं. लोकांनी ऐकून घेतलं. एकाने डॉक्टर कुठला म्हणून विचारलं. टपरीवाल्याने न मागता माझ्यापुढे चहा ठेवला आणि अगदी मायेने म्हणाला, “आसंल बी, बाई. तुमच्या मनाचं समाधान हाय ना, मग झालं. पर घारीला दिसलंच आसणार.”

भोंगवलीतही मी सांगितलं. भावकीतल्या बायांनी च् च् केलं. मेहुण्यांशी बोलायला अजून कोणी गेलेलं नाही. एकदा बोलणं सोडलं की ते पुन्हा सुरू करायला काही निमित्त लागतं, आणि कोणी मेल्याशिवाय आमच्यात ते मिळत नाही.

चार महिन्यांनी भाचीचा माझ्या मोबाईलवर एक फोटो आला. डोळ्यांच्या तपासणीचा रिपोर्ट होता. दाब योग्य, नस योग्य, दर वर्षी तपासणे. मी तिला लगेच लिहिलं, मग फोन केला. तिने उचलला नाही.

आता माझ्या डाव्या डोळ्यात मधली नजर उरली आहे, उजवा बराच चांगला आहे. सकाळ-संध्याकाळ थेंब घालते. भाचीकडून वर्षातून एकदा रिपोर्टचा फोटो येतो. आतापर्यंत दोन आले. खाली मजकूर नसतो.